घुर्र… घुर्र… आणि गप्प: जुन्या डिझेल गाडीचा सेल्फ हळू का फिरतो

डिसेंबरातली पहाट. सारंगखेड्याच्या यात्रेला निघायचं म्हणून आम्ही पाच जण कानाला मफलर गुंडाळून अंगणात उभे. गाडी आप्पांची, पंचवीस वर्षांची डिझेल जीप. चावी फिरवली. घुर्र… घुर्र… घु… आणि गप्प. शेजारचे आबा दात घासत ओट्यावर आले, "काय व्हयनं, भो?" म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता निकालही देऊन मोकळे झाले, "बॅटरी गयी."

बॅटरी सात महिन्यांपूर्वी घातलेली होती. तिच्या आधीची बॅटरीसुद्धा ‘गेली’ म्हणूनच बदलली होती.

जुन्या डिझेल गाडीबाबत हे फार होतं. सेल्फ (इंजिनला पहिले फेरे देणारी स्टार्टर मोटार) हळू फिरला की आधी बॅटरी, तरी नाही जमलं की सेल्फ खोलायचा, आणि मग कुणीतरी "इंजिनच जड झालंय" म्हणून बोअरचं (सिलिंडर-पिस्टनच्या दुरुस्तीचं) काम काढतो. या प्रवासात तीन-चार ठिकाणी पैसे मोजून होतात आणि खरा दोष कधीकधी एका गंजलेल्या बोल्टखाली सापडतो. साध्या डिजिटल मीटरने, एका मदतनिसाला घेऊन, अर्ध्या तासात यातलं बरंचसं घरच्या घरी कळतं. फक्त कुठे आणि कधी मोजायचं ते माहीत हवं.

आधी एक गल्लत दूर करू. ‘गाडी चालू होत नाही’ आणि ‘सेल्फ हळू फिरतो’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाही, तर डिझेल लाइनमधली हवा, चोंदलेला फिल्टर, मेलेले हीटर प्लग (थंड इंजिनातली हवा तापवणारे) असं काही असू शकतं. हीटर प्लग गेल्यामुळे सेल्फचा वेग कमी होत नाही. इंजिनच रेंगाळत फिरत असेल, तर हीटर प्लग बदलून हाती काही लागणार नाही. इथे फक्त दुसऱ्या तक्रारीबद्दल बोलतोय.

डिझेलला वेगाचं एवढं काय पडलंय? पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी असते. डिझेलमध्ये ठिणगी नाही. पिस्टन हवा दाबतो, ती दाबाने तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं ना, तेच. पेट्रोल इंजिनात हवा साधारण नऊ-दहा पट दाबली जाते, जुन्या डिझेलमध्ये वीस पटींच्या आसपास, आणि तिचं तापमान पाचशे अंशांच्या पुढे जातं. पण सायकलचा पंप हळूहळू दाबून बघा. बूड तापत नाही, कारण जमलेली उष्णता तेवढ्या वेळात बाहेर निघून जाते. इंजिनातही तसंच. पिस्टन रेंगाळला की दाबलेली हवा रिंगांमधून निसटते, उष्णता थंड सिलिंडरच्या भिंती पिऊन टाकतात आणि डिझेल पेटत नाही. ढोबळमानाने मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे मिळाले तर जुनं डिझेल इंजिन सुखाने पकडतं. ऐंशी-नव्वद फेऱ्यांवर ते नुसतं पांढरा धूर सोडत बसतं. हा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

वीस पट हवा दाबत चार सिलिंडर फिरवायला ताकदही तशीच लागते. अशा गाडीचा सेल्फ साधारण दोन किलोवॅटचा, म्हणजे विहिरीवरच्या अडीच-तीन हॉर्सपॉवरच्या मोटारीच्या तोडीचा. फरक इतकाच, की विहिरीवरच्या मोटारीला शेकडो व्होल्ट मिळतात आणि याला फक्त १२. व्होल्ट कमी म्हणून करंट प्रचंड. घरातला मिक्सर तीनेक अँपिअर घेतो, सेल्फ दोनशे ते चारशे अँपिअर ओढतो. सगळी गोम इथेच आहे.

ठिबकवर केळी असलेल्या माणसाला हे सांगावंही लागणार नाही. व्हॉल्व्ह बंद असताना गेजवर प्रेशर पूर्ण दिसतं. मध्ये फिल्टर गच्च चोंदलेला असला तरी दिसतं, कारण पाणी वाहतच नाहीये. व्हॉल्व्ह उघडला की फिल्टरच्या अलीकडे प्रेशर आणि पलीकडे नुसती धार, आणि शेवटच्या ओळीतली केळी तहानलेली. बॅटरीचा व्होल्ट म्हणजे ते प्रेशर, करंट म्हणजे वाहणारं पाणी आणि गंजलेलं टर्मिनल म्हणजे चोंदलेला फिल्टर. बंद गाडीवर मीटर लावून १२.६ दिसले म्हणून "बॅटरी टंच आहे, वायरिंग ओके आहे" म्हणणं म्हणजे बंद व्हॉल्व्हवर गेज वाचणं. मोजायचं ते सेल्फ फिरत असताना.

आकडाच बघा ना. टर्मिनल आणि क्लॅम्प (केबलची त्यावरची पकड) यांच्यामध्ये जेमतेम ०.०१ ओहमचा अडथळा आहे समजा. साध्या मीटरला तो दिसणारही नाही. त्यातून हेडलाइटचा दहा अँपिअर करंट गेला तर नुकसान ०.१ व्होल्ट. दिवा झकास लागतो, हॉर्न वाजतो, कुणाला शंका येत नाही. त्याच जागेतून सेल्फचे २५० अँपिअर जायला लागले की २.५ व्होल्ट तिथेच जळून जातात. म्हणून "लाइट तर एकदम फुल आहे" हा पुरावा फारसा कामाचा नाही.

तरी लाइटचा एक उपयोग आहे, मीटर नसेल तेव्हा. हेडलाइट लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. लाइट विझल्यासारखी मंद झाली तर एक तर बॅटरीत दम नाही, किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट खातोय. लाइट जवळपास तशीच राहिली आणि सेल्फ मात्र कण्हतोय, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये. वाटेत कुठेतरी अडलाय.

कानही वापरा. कट्-कट्-कट्-कट् असा भराभर आवाज म्हणजे सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा चुंबकी स्विच) ओढला जातोय, व्होल्टेज कोसळतंय, तो सुटतोय, पुन्हा ओढला जातोय. बॅटरी किंवा जोड यांच्याकडे बोट. एकच जाड ‘टक्’ आणि शांतता असेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, सेल्फ अडकलेला, किंवा इंजिनच जाम. नुसतं सर्रऽऽ फिरून इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचं इंजिनला अडकणारं दातेरी चाक). आणि फिरताना मध्येच एकदा वेगात सुटतं, पुन्हा जड होतं, असं लंगडत असेल तर एखाद्या सिलिंडरला कॉम्प्रेशन नाही. तो बॅटरीवाल्याचा विषयच नाही.

आता मीटर. पण त्याआधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, फॅनपासून हात आणि गमछा लांब. हा गमछा मी उगाच लिहीत नाहीये. हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. मोजताना गाडी चालू होऊ नये म्हणून डिझेल बंद करायचं: जुन्या गाडीत इंजिन बंद करायचा नॉब ओढून धरायचा, किंवा डिझेल पंपावरच्या सोलेनॉइडची वायर काढायची. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, मध्ये मिनिटभर थंड होऊ द्यायचा. आणि पाना लावून ठिणगी काढून ‘करंट बघायची’ आपल्याकडची जी पद्धत आहे ती सोडा. ठिणगी निघते म्हणजे करंट आहे एवढंच कळतं, पुरेसा आहे का ते कळत नाही. पान्याने सेल्फ शॉर्ट करणं तर त्याहून वाईट. गाडी किंवा ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर तो समोरच्याच्या अंगावर जातो.

बॅटरीपासून सुरुवात करायची, कारण आबांचा अंदाज पुष्कळदा बरोबरही असतो. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी पोस्टवर (बॅटरीच्या दोन खुंट्यांवर) मोजा. नुकतीच चालवली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, मग मोजा, नाहीतर वरवरचा चार्ज फसवतो. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. १०.५ च्या आसपास अडकली असेल तर सहापैकी एक सेल मेलेला असण्याचीच शक्यता जास्त. पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) लावला की हे जास्त स्वच्छ दिसतं: भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी १.२५ ते १.२८, आणि एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५ ने मागे असेल तर तोच दोषी. रिकामी बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे हे मात्र दुकानात कुणी सांगत नाही. रिकामी असेल तर आधी पूर्ण चार्ज करा, मगच पुढचं मोजा.

मग खरी परीक्षा. मीटर डीसी २० व्होल्टवर, दोन्ही टोकं बॅटरीच्या पोस्टवर, आणि सेल्फ मारायचा. आकडा ९.६ च्या वर टिकला पाहिजे. त्याच्याखाली घसरत गेला आणि बॅटरी पूर्ण चार्ज केलेली आहे, तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ फार ओढतोय. साडेदहा-अकरावर टिकला आणि तरी सेल्फ हळूच, तर बॅटरीला सोडा, तिचा काही दोष नाही.

इथे आपल्या हवामानाचं एक सांगायला हवं. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत खराब होते. खराब ती उन्हाळ्यात होते. जळगाव-भुसावळचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. त्या उष्णतेने बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटांची जाळी आतून गंजते, प्लेटा उघड्या पडल्या तर तेवढा भाग कायमचा गेला. पण उन्हाळ्यात ऑइल पातळ, इंजिन सैल, अर्धमेली बॅटरीसुद्धा गाडी उचलते. मग डिसेंबरात धुळ्याकडे पारा दहाच्या खाली येतो, ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि मे महिन्यातलं दुखणं तेव्हा बाहेर पडतं. म्हणून मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी पाणी बघायचं. डिस्टिल्डच घालायचं, आरओचं नाही.

आता वाट. करंट बॅटरीच्या प्लसमधून निघतो, जाड केबलने सेल्फला जातो, सेल्फच्या बॉडीतून इंजिनात, इंजिनातून अर्थच्या (अर्थिंगच्या) पट्टीने चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, आणि तिथून मायनसला परत येतो. जाताना जेवढा करंट, येतानाही तेवढाच. पण तपासताना दहापैकी नऊ माणसं लाल केबल बघतात, येण्याच्या वाटेकडे कुणाचं लक्ष नसतं.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लस पोस्टवर ठेवा. पोस्टवर म्हणजे शिशाच्या खुंटीवर, क्लॅम्पवर नाही, कारण खुंटी आणि क्लॅम्पमधला जोडही तपासायचाय. दुसरं टोक सेल्फवर, जिथे जाड केबल येते त्या बोल्टवर. सेल्फ मारा. मीटरवर जो आकडा दिसेल तो वाटेत हरवलेला व्होल्ट. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, त्याच्यावर गेलं तर केबल किंवा जोडात दोष. मग मायनस पोस्ट आणि सेल्फची उघडी, रंग नसलेली बॉडी यांमध्ये तसंच मोजा. इथे ०.३ च्या वर नको. जास्त आला तर टोक एकेक पायरी मागे आणत जायचं: आधी इंजिन ब्लॉक, मग चेसिसचा बोल्ट, मग क्लॅम्प. ज्या पायरीवर आकडा एकदम पडतो, त्या जोडात चोर.

आमच्या जीपमध्ये प्लसच्या बाजूला ०.२ आले. अर्थच्या बाजूला १.७. एकेक पायरी मागे येत चेसिसच्या बोल्टशी पोचलो आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. दीड वर्षापूर्वी डेंटिंग-पेंटिंग केलं होतं. पेंटरने चेसिसही मन लावून काळा केला आणि अर्थची पट्टी त्या ताज्या रंगावरच कसून टाकली. वर्षभर बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा करंट जात राहिला, मग आटे गंजले. बोल्ट काढून जागा पांढरीशुभ्र होईतो घासली, पट्टीचं टोक घासलं, कसलं. पुन्हा मोजलं तर ०.१५. जीप पहिल्या सेल्फला उचलली. आधीची बॅटरी बहुधा चांगली असावी. ती आम्ही भंगाराच्या भावात देऊन बसलो होतो.

मीटर नसलेल्यासाठी यात दोन सोप्या युक्त्या आहेत. दहा सेकंद सेल्फ मारून लगेच एकेका जोडाला बोट लावून बघा. जिथे व्होल्ट जळतोय तिथे उष्णता होते, तो जोड कोमट किंवा चक्क गरम लागतो. दुसरी: जंपर केबलची एक तार बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा. सेल्फ एकदम चपळ झाला तर अर्थ खराब, विषय संपला. (जंपर लावलाच आहे म्हणून मोठ्या ट्रकवरून करंट घ्यायचा मोह नको. तिथे २४ व्होल्ट असतात.)

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवायची, कोरडं करून घासायचं, जोड घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. केबलच्या लगजवळची (टोकाच्या कडीजवळची) तार सोलून बघा. आत तांबं काळं पडलं असेल तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही. आणि कुणी पूर्वी बारीक केबल टाकली असेल तर तीही बदला. शेताच्या दुसऱ्या टोकाला बारीक तारेवर मोटार जोडली की ती नुसती गुणगुणते, तसलाच हा प्रकार.

बॅटरी चांगली, वाट मोकळी, तरी सेल्फ हळू? तर मग सेल्फ. आधी सोलेनॉइडचे दोन जाड बोल्ट. त्यांच्यामध्ये मीटर लावला की सेल्फ मारण्याआधी पूर्ण १२ दिसतील, घाबरू नका. सेल्फ फिरताना ते ०.२ च्या आत आले पाहिजेत. नाही आले तर आतला तांब्याचा चकतीचा कॉन्टॅक्ट जळलाय, आणि ते काम स्वस्तातलं आहे. सेल्फ न खोलता पुढचं ओळखायचं असेल तर करंट मोजायला हवा. त्यासाठी डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. घरच्या वायरमनकडचा बहुतेक वेळा फक्त एसीचा असतो, तो इथे चालत नाही.

फेरे कमी आणि करंटही कमी, म्हणजे करंटला आत शिरायला अडथळा: झिजलेले कार्बन (फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे), काळाकुट्ट कम्युटेटर (ते ठोकळे ज्यावर घासतात ते तांब्याचं कडं). फेरे कमी पण करंट भरमसाट, म्हणजे मोटारीला कुणीतरी धरून ठेवलंय. विहिरीवरचा पंप गाळात जाम झाला की मोटार गुंगते, तापते, जळते, कारण हळू फिरणारी मोटार जास्तच करंट ओढते. सेल्फमध्ये हे बहुतेकदा बुशांमुळे (फिरत्या दांड्याला धरणाऱ्या कड्यांमुळे) होतं. बुश झिजले की आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) खाली बसतो आणि फील्डच्या (भोवतालच्या चुंबकाच्या) लोखंडाला घासतो. खोलल्यावर आर्मेचरवर चकचकीत घासल्याची खूण दिसते. बुश आणि कार्बन बदलून ऑटो इलेक्ट्रिशियन तो पुन्हा उभा करतो. या गाड्यांचे जुने सेल्फ दुरुस्तीलायक असतात, आणि माझं मत विचाराल तर चांगल्या हाताने भरलेला जुना सेल्फ स्वस्तातल्या नव्यापेक्षा बरा.

सकाळी चपळ आणि भर दुपारी पारोळ्याच्या ढाब्यावर जेवून आल्यावर हळू, ही तक्रार उन्हाळ्यात येते. तापलेल्या तांब्याचा अडथळा वाढतो, साठ अंश तापमान वाढलं तर जवळजवळ पाव पट. सायलेन्सरजवळ बसवलेला, आधीच झिजलेल्या बुशांचा सेल्फ एवढ्याने अडतो. वाटेवरचे जोड आधी बघा, मग बुश.

इंजिनचाच दोष सगळ्यात शेवटी धरायचा. बॅटरीचा मायनस काढून क्रँक पुलीला (इंजिनच्या पट्टा फिरवणाऱ्या चाकाला) पाना लावून हाताने फिरवून बघा. हीटर प्लग काढले की कॉम्प्रेशन जातं आणि इंजिन एकसारखं, फार जोर न लावता फिरायला हवं. कुठे अडकत असेल तर आधी पट्टा काढा. डायनॅमोचं किंवा वॉटर पंपचं बेअरिंग जाम असू शकतं. नुकतंच बोअर झालं असेल तर थोडे दिवस ते घट्ट राहणारच. पण फिरता फिरता भिंतीवर आपटल्यासारखं थांबलं तर सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असू शकतं. तिथे पुन्हा सेल्फ मारायचा नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ऑइलही कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच असू द्या. ‘इंजिन जुनं आहे, जाड ऑइल टाक’ हा सल्ला डिसेंबरात महागात पडतो. थंड सकाळी क्लच दाबून सेल्फ मारला तर गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल घुसळायचं काम तेवढं वाचतं.

बॅटरी वारंवार उतरत असेल तर चार्जिंगही बघून घ्या. इंजिन जरा रेसवर, पोस्टवर १३.८ ते १४.४ हवेत. कमी असेल तर आधी पट्टा ढिला आहे का ते बघा. १४.८ च्या वर जात असेल तर पाणी उकळून उडतंय. आणि गाडी बंद असताना काही चालू राहतंय का? अर्धा अँपिअर खाणारा एखादा दिवा किंवा मागाहून बसवलेला टेप दिवसाला १२ अँपिअर-तास पितो. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत अर्ध्याच्या जवळ येते. भरीत पार्टीला शेतात गाडीच्या टेपवर रात्रभर गाणी वाजवल्यावर सकाळी धक्का मारणारे आम्हीही आहोतच.

एवढं करूनही गाडी गॅरेजला न्यायची वेळ आली तर "सेल्फ हळू फिरतो" एवढंच सांगू नका. आकडे कागदावर लिहून न्या: सकाळी उभ्या बॅटरीवर किती, सेल्फ मारताना पोस्टवर किती, प्लसच्या वाटेत किती गेले, अर्थच्या वाटेत किती. आमचा अमळनेरचा इलेक्ट्रिशियन असा कागद बघून आधी हसला, मग चष्मा लावून वाचला आणि बॅटरीकडे न जाता थेट गाडीखाली शिरला.